दोन हृदयांचा पक्ष

शारदीय नवरात्र संपून अश्विन पौर्णिमा जवळ आली की तुळजापूरकडे जाणारे सारे रस्ते माणसांनी फुलून जातात. गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळी मळवट, हाती पोत आणि मुखी ‘आई राजा उदो उदो’ असा गजर. सोलापूर, लातूर, बीड, कलबुर्गी, बिदर अशा दूरदूरच्या गावांहून पायी आलेले लाखो लोक भवानीच्या पायरीवर डोके टेकवतात. हिंदवी स्वराज्य उभारणाऱ्या छत्रपतींची ही कुलस्वामिनी. जगात ज्या देवतेला आपण ‘देवी’ म्हणण्याआधी ‘आई’ म्हणतो, तिचे हे माहेरघर. धाराशिव जिल्ह्याची ओळख सांगायची तर ती या एका शब्दात सांगता येते : आई.

आता याच जिल्ह्याची दुसरी ओळख पाहावी. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे ८६७ मुली आढळल्या. त्याआधीच्या दशकात, २००१ साली, ही संख्या ८९४ होती. शेजारचा बीड जिल्हा याच दहा वर्षांत ८९४ वरून ८०७ पर्यंत कोसळला. निसर्गाचे गणित सर्वत्र सारखे आहे. हजार मुलगे जन्मतात तेव्हा साधारण साडेनऊशे मुली जन्मतात. म्हणजे देवीच्या जिल्ह्यात दर हजार मुलांमागे सुमारे ऐंशी मुली हिशेबातून नाहीशा झालेल्या होत्या. त्या कोणत्या साथीत गेल्या नाहीत, दुष्काळातही गेल्या नाहीत. त्यांतील बहुतेकींना जन्मूच दिले गेले नाही. पुढची जनगणना लांबत गेली म्हणून नवा आकडा हाती नाही. पण २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील जन्मवेळचे प्रमाण ९१३ निघाले, आणि त्याआधीच्या पाहणीत ते ९२४ होते. दुखणे बरे झाले, असे म्हणण्याची सोय या आकड्यांनी ठेवलेली नाही.

गर्भपाताच्या प्रश्नावर बोलताना या आकड्यांपासून आरंभ करावा लागतो. कारण हा प्रश्न आपल्याकडे ज्या भाषेत मांडला जातो, ती भाषा या जिल्ह्यात तयार झालेली नाही.

आयात केलेले भांडण

१९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपात हा स्त्रीचा घटनादत्त अधिकार ठरवला. २४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने तो निर्णय रद्द करून हा विषय तेथील राज्यांच्या हाती सोपवला. या पन्नास वर्षांत त्या देशाचे दोन तट पडले. एक तट स्वतःला ‘प्रो-लाइफ’, म्हणजे जीवनाच्या बाजूचा म्हणवतो. दुसरा ‘प्रो-चॉइस’, म्हणजे निवडीच्या बाजूचा. एकाला गर्भ दिसतो, आई दिसत नाही. दुसऱ्याला आई दिसते, गर्भ दिसत नाही. आणि दोघांच्याही दृष्टीतून कुटुंब, गाव आणि समाज गळून पडलेला असतो; जणू ती बाई आणि तो गर्भ एखाद्या निर्जन बेटावर राहतात.

महानगरांतील आपल्या विचारवंतांनी ही मांडणी जशीच्या तशी उचलली. इंग्रजीत वाचायचे आणि मराठीत बोलायचे, ही सवय जुनीच. त्याचा परिणाम असा झाला की, गर्भपाताचा विषय निघाला की आपलेही लोक लगेच दोन रांगांत उभे राहू लागले. पुरोगामी म्हणवणारे ‘निवडी’च्या रांगेत, आणि परंपरेचा अभिमान बाळगणारे, केवळ समोरच्याला विरोध म्हणून, ‘जीवना’च्या रांगेत. या भांडणाचा भूम, परंडा, कळंब, उमरगा येथील घरांशी काय संबंध आहे, हे विचारण्यासाठी कोणी थांबले नाही.

भारतात गर्भपाताचा कायदा कसा आला, हे आठवून पाहावे. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ साली समिती नेमली गेली. खेडोपाडी अडाणी उपायांनी गर्भ पाडताना बायका मरत होत्या, हे त्या समितीपुढचे भीषण वास्तव होते. त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला व तो १९७२ पासून लागू झाला. मातेचे प्राण वाचवणे हा त्यामागचा हेतू होता, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तो काळ कुटुंबनियोजनाच्या फलकांचा होता. संततिनियमनाचे साधन निष्फळ ठरले तरी गर्भपाताला मुभा, अशी तरतूद त्या कायद्यात घालण्यात आली. या देशात गर्भपात आला तो आंदोलन करून ‘हक्क’ मागणाऱ्या स्त्रियांमुळे नव्हे. तो आला डॉक्टरांच्या चिंतेतून आणि लोकसंख्येची धास्ती घेतलेल्या शासनाच्या सोयीतून. आणि नंतर सोनोग्राफीचे यंत्र आले तेव्हा शासनाच्या सोयीची जागा कुटुंबाच्या सोयीने घेतली. स्त्रीची ‘निवड’ या दोन्ही प्रकरणांत कोठे होती?

मारेकरी कोण?

याचे उत्तर कायद्यानेच देऊन ठेवले आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. मुंबईतील स्त्रीसंघटना, डॉक्टर आणि वैज्ञानिक यांनी त्यासाठी लढा दिला होता, आणि त्यांच्याशी आपले अन्य विषयांत कितीही मतभेद असले तरी हे श्रेय त्यांना मोकळेपणाने दिले पाहिजे. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा झाला व २००३ साली तो अधिक कडक करण्यात आला. या कायद्याचे २४ वे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. गर्भवतीची लिंगतपासणी झाली असेल, तर तिच्या पतीने वा नातेवाइकांनी तिला तसे करण्यास भाग पाडले, असे न्यायालयाने गृहीत धरावे. तसे नव्हते हे विरुद्ध बाजूने सिद्ध करावे, असे ते कलम सांगते. कायदा सहसा माणसाला निर्दोष गृहीत धरून चालतो. येथे मात्र कायदेमंडळाने भारतीय घराकडे पाहिले आणि घरालाच आरोपी गृहीत धरले. याहून कठोर शेरा आपल्या कुटुंबव्यवस्थेवर कोणत्याही टीकाकाराने मारलेला नाही. त्याचा राग येण्याआधी तो खरा आहे की खोटा, हे पाहू.

परळी वैजनाथ हे ज्योतिर्लिंगाचे क्षेत्र. वैद्यांचा नाथ तो वैद्यनाथ. त्याच परळीत सुदाम मुंडे आणि सरस्वती मुंडे या डॉक्टर दांपत्याच्या रुग्णालयात मे २०१२ मध्ये एका स्त्रीचा गर्भपातादरम्यान मृत्यू झाला. चार मुलींची ती आई होती. २०१९ साली बीडच्या न्यायालयाने मुंडे दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांच्याबरोबर शिक्षा झालेला तिसरा माणूस त्या मृत स्त्रीचा पती होता. पुढे जामिनावर असताना २०२० मध्ये हेच सुदाम मुंडे पुन्हा बेकायदा रुग्णालय चालवताना पकडले गेले. दुकान पुन्हा उघडते, याचा अर्थ गिऱ्हाईक थांबलेले नसते. २०१७ च्या मार्च महिन्यात सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे एकोणीस भ्रूण जमिनीत पुरलेले सापडले. त्या शोधालाही निमित्त झाला तो एका स्त्रीचा गर्भपातात झालेला मृत्यू.

या दोन्ही ठिकाणी मेलेल्या स्त्रिया ‘माझे शरीर, माझा अधिकार’ असे फलक घेऊन तेथे गेल्या नव्हत्या. त्यांना नेण्यात आले होते. नेणारे लोक परके नव्हते. ते सत्यनारायण घालणारे, एकादशी धरणारे, तुळजापूरची वारी न चुकवणारे लोक होते. गर्भलिंगनिदान करायला पैसा लागतो, ओळख लागते, वाहन लागते. म्हणून हा रोग आधी खात्यापित्या घरांत शिरला आणि मग खाली झिरपला. पश्चिमी विचारांनी आपली कुटुंबे बिघडवली, असे म्हणणे सोपे आहे. पण यंत्र पश्चिमेचे असले तरी त्या पडद्यावर काय शोधायचे, हे आपल्या सासूबाईंनी, मामंजींनी आणि अनेकदा शिकलेल्या पतिराजांनी ठरवले.

आपल्या लाडक्या रीतींकडेही जरा नीट पाहावे. डोहाळजेवणात दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. खेळ निर्मळ आहे, पण पेढा निघाल्यावर होणारा गलका आणि बर्फी निघाल्यावर होणारे सांत्वन यांत फरक असतो, हे त्या पाटावर बसलेल्या मुलीला बरोबर कळते. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हा आशीर्वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या देत आलो. सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’, ‘नकुशी’ अशी नावे असलेल्या अडीचशेहून अधिक मुलींचे २०११ साली समारंभपूर्वक पुन्हा नामकरण करावे लागले. जन्मलेल्या लेकीचे नाव ‘नकोशी’ ठेवू शकणारा समाज, न जन्मलेल्या लेकीचे काय करत असेल?

द्विहृदया

आता कोणी विचारील की, मग आपल्या परंपरेकडे सांगण्यासारखे काही आहे की नाही? आहे, आणि ते आयात केलेल्या दोन्ही पक्षांहून अधिक खोल आहे.

आयुर्वेदाने गर्भवतीला ‘द्विहृदया’ म्हटले आहे. जिच्या देहात दोन हृदये आहेत, ती. तिच्या इच्छांना ‘दौहृद’ म्हणतात, आणि आपला ‘डोहाळे’ हा गोड मराठी शब्द त्याच कुळातला. दोन हृदये, म्हणून दोघांचे ऐकायचे. एकाला दुसऱ्याविरुद्ध उभे करायचे नाही. आपल्या शास्त्रांनी भ्रूणहत्या हे घोर पातक मानले, यात शंका नाही. परंतु सुश्रुतसंहितेत मूढगर्भाच्या चिकित्सेचेही स्वतंत्र प्रकरण आहे. गर्भ आडला वा मृत झाला, तर मातेला वाचवण्यासाठी वैद्याने शस्त्र हाती घ्यावे, हे आपल्या वैद्यकाने शतकानुशतके मानले. म्हणजे गर्भाचे पावित्र्य आणि मातेचे प्राण या दोहोंना एकाच संस्कृतीत जागा होती. तीत ‘पुंसवना’सारखा पुत्राची कामना करणारा संस्कारही होता, हे लपवण्याचे कारण नाही. संस्कृती म्हणजे संग्रहालय नव्हे; जे धारण करते ते ठेवायचे आणि जे मारते ते टाकायचे, हा विवेक आपल्या ऋषींनीच शिकवला आहे.

खुद्द तुळजाभवानीची कथा काय सांगते? कर्दम ऋषींच्या निधनानंतर त्यांची पत्नी अनुभूती सती जाण्यास निघाली. परंतु पदरी तान्हे मूल होते, म्हणून तिने देह ठेवला आणि मंदाकिनीच्या काठी तप आरंभिले. कुकुर दैत्याने तिला छळले तेव्हा तिच्या हाकेसरशी देवी त्वरेने धावून आली. त्वरिता, तुरजा, तुळजा. आपल्या कुलस्वामिनीचे अवतरण झाले ते विधवा, एकाकी, कडेवर लेकरू असलेल्या एका बाईसाठी. देवीने तिला उपदेश केला नाही, तिच्यावर खटला भरला नाही. ती तिच्या आणि दैत्याच्या मध्ये उभी राहिली. जीवनाच्या बाजूने उभे राहणे म्हणजे काय, याची यापेक्षा चांगली व्याख्या आपल्याला अन्यत्र शोधावी लागत नाही.

आणि ही केवळ पुराणातील गोष्ट नाही. १८६३ साली पुण्यात महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या, फसवलेल्या विधवांनी तेथे गुप्तपणे यावे, बाळंत व्हावे, मूल ठेवून जावे; नाव-गाव कोणी विचारणार नाही, अशी ती व्यवस्था होती. तेथेच एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंताला या दांपत्याने दत्तक घेतले, वाढवले, डॉक्टर केले. धाराशिवच्या सीमेपासून जवळच असलेल्या पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ साली असाच आश्रम सुरू केला. वारीच्या निमित्ताने येऊन चंद्रभागेकाठी अर्भके टाकून जाणाऱ्या अभागी स्त्रिया तेव्हा होत्या. त्या स्त्रियांना पापिणी म्हणणारे हजारो लोक पंढरपुरात होते. पाळणा बांधणारा एक निघाला. इतिहासाने त्या हजारांची नावे ठेवली नाहीत.

अमेरिकेत ‘प्रो-लाइफ’ हा शब्द रूढ होण्याच्या शंभर वर्षे आधी महाराष्ट्राच्या मातीत हे काम उभे होते. त्यात गर्भाचा जीव वाचला आणि आईची अब्रूही वाचली. हा आपला पक्ष. तो सोडून आपण उसन्या रांगेत का उभे राहावे?

दोन्ही बाजूंना दोन प्रश्न

निवडीचा पुरस्कार करणाऱ्यांना पहिला प्रश्न. पोटातील जीव हा केवळ ‘पेशींचा गोळा’ असेल आणि त्याचे काय करायचे हे संपूर्णतः वैयक्तिक निवडीवर सोडायचे असेल, तर मुलगी आहे म्हणून तो गोळा काढला तर बिघडले कोठे? तुम्हीही लिंगनिवडीला विरोध करता, आणि ते योग्यच आहे. पण तो विरोध करताना तुम्ही ‘तिला’ मुलगी म्हणता. गोळा म्हणत नाही. म्हणजे अंतःकरणात तुम्हालाही ठाऊक आहे की तेथे कोणीतरी आहे. मग ही गोष्ट उघडपणे मान्य करून पुढचे बोलणे अधिक प्रामाणिक नाही का? ‘निवड’ हा शब्द ज्या घरात सुनेला भाजी कोणती करायची हेही ठरवता येत नाही, त्या घरात सासरच्या मंडळींची ढाल बनतो, हेही आपण ध्यानात घ्यावे.

दुसरा प्रश्न आपल्याच मंडळींना, आणि तो अधिक टोकदार आहे. सरसकट बंदी घाला, गर्भपात करणाऱ्या स्त्रियांना तुरुंगात टाका, असे काही जण आवेशाने म्हणतात. बलात्कारातून गर्भ राहिलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीला तुम्ही काय सांगणार? ज्या बाळंतपणात मृत्यू निश्चित आहे, ते पत्करायला कोणाला भाग पाडणार? २००८ साली मुंबईच्या निकेता मेहता यांनी, गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याने, सव्वीसाव्या आठवड्यात उच्च न्यायालयाकडे अनुमती मागितली. न्यायालयाने ती नाकारली आणि थोड्याच दिवसांत त्यांचा नैसर्गिक गर्भपात झाला. त्या प्रसंगाने देश हेलावला. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट स्थितीतील स्त्रियांसाठी मर्यादा वीसवरून चोवीस आठवडे झाली आणि गंभीर गर्भदोषांचा निर्णय वैद्यकीय मंडळांकडे गेला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही हाच चोवीस आठवड्यांचा लाभ दिला. तर ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने, गर्भ निरोगी आहे व मातेच्या प्राणांना तातडीचा धोका नाही हे पाहून, सव्वीस आठवडे उलटलेल्या एका विवाहितेची विनंती अमान्य केली. प्रसूतीचा खर्च शासन उचलेल आणि मूल दत्तक देण्याचा मार्ग खुला राहील, हेही नमूद केले. या निर्णयांतील प्रत्येक ओळ आपल्याला पटेलच असे नाही. परंतु दोन्ही हृदयांचे ठोके ऐकण्याचा तो प्रयत्न आहे. आवेशापेक्षा हे अधिक कठीण आणि अधिक भारतीय आहे.

शिवाय बंदीचा बडगा कोणावर पडतो, हेही पाहावे. पैसेवाला मोठ्या शहरात जाऊन आपले काम करून घेतो. वाशी-भूमच्या बालाघाटातील बाई मात्र गावठी औषध देणाऱ्याच्या दारात जाते आणि तेथून तिचा मृतदेह परत येतो. १९६४ साली समिती नेमण्याची पाळी ज्या मरणांमुळे आली, तीच मरणे पुन्हा ओढवून घेणे याला जीवनाचा पक्ष म्हणता येणार नाही.

जन्मानंतर काय?

गर्भाच्या हक्कांविषयी बोलणाऱ्याला एक प्रश्न टाळता येत नाही : जन्मल्यावर तिचे काय?

दसरा झाला की याच जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल जोडप्याला मिळते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. एकटी असेल तर अर्धा कोयता. म्हणून कोयता पुरा करण्यासाठी पोरीचे लग्न सोळाव्या-सतराव्या वर्षी लावून दिले जाते. गर्भवती असली तरी मोळी डोक्यावर घेऊन तिला ट्रकच्या फळीवर चढावे लागते; एक दिवस खाडा पडला तर पैसे कापले जातात. कोपीत बाळंतपण होते आणि काही दिवसांत ती पुन्हा फडात उभी असते. फडात पडून गेलेल्या गर्भांची नोंद कोणत्याही वहीत नाही. मासिक पाळीचा खाडा नको म्हणून ऐन तिशीत गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड स्त्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाला २०१९ साली समिती नेमावी लागली, हेही याच मराठवाड्यातले वास्तव. सोनोग्राफी केंद्राबाहेर घोषणा देणाऱ्या आपल्या किती जणांनी साखर कारखान्याच्या गेटवर या लेकरांसाठी तोंड उघडले? गर्भातील जीव पवित्र आणि फडातील जीव स्वस्त, हे कोणते धर्मशास्त्र?

मुलीची भीती का वाटते, हेही सरळ सांगितले पाहिजे. हुंडा. दुष्काळाने मोडलेल्या, कर्जाने वाकलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी मुलगी जन्मली की त्याला तिचा चेहरा दिसण्याआधी मांडव दिसतो. त्या मांडवात बसून जेवणारे आपणच असतो. हुंडा घेणाऱ्याच्या लग्नाला अक्षता टाकायला जायचे आणि मंचावरून ‘बेटी बचाव’ म्हणायचे, हा दांभिकपणा मुली मारणाऱ्या यंत्राला इंधन पुरवतो. शासनाने २०२३ मध्ये ‘लेक लाडकी’ योजना आणली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या घरी जन्मलेल्या मुलीला अठरा वर्षांची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात. योजना चांगली आहे. परंतु हुंड्याचा भाव जोवर त्याहून मोठा आहे, तोवर शासनाचा हात तोकडाच पडणार.

मात्र याच जिल्ह्यात वेगळे दिवेही लागलेले आहेत. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीला, पद्मश्री गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांना जग जन्मतःच गुन्हेगार समजत होते त्या पारधी व अन्य भटक्या-विमुक्तांच्या मुलामुलींसाठी शाळा आणि घर उभे केले. १९९३ च्या भूकंपानंतर ज्ञान प्रबोधिनीने लोहारा तालुक्यात हराळी येथे काम सुरू केले आणि ते मदतीच्या दिवसांनंतरही चालू ठेवले. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या पुढाकाराने गावोगावच्या सामान्य स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. या सर्वांचे विचार एकाच साच्यातील नाहीत. पण जन्मलेल्या जिवाची जबाबदारी घेणे त्यांनी आपले मानले. जीवनाच्या पक्षाची कार्यालये कोठे आहेत असे कोणी विचारले, तर हे पत्ते द्यावेत.

आपल्या दारापासून

शेवटी, कार्यकर्त्याने करायचे काय? पहिली गोष्ट घरात. आपल्या सुनेच्या, लेकीच्या, वहिनीच्या गर्भात काय आहे हे विचारणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावे, मग तो वडीलधारा का असेना. मुलगी झाली तर तेवढ्याच मोठ्या ताटातून तेवढेच पेढे वाटावेत. कुलधर्म, श्राद्ध, अग्निसंस्कार यांतील मुलीचा अधिकार प्रत्यक्ष आचरणात आणावा. ज्ञान प्रबोधिनीने स्त्री-पुरोहित तयार करून दाखवल्यावर ‘अग्नी द्यायला मुलगाच हवा’ ही सबब उरलेली नाही.

दुसरी गोष्ट गावात. हुंड्याच्या लग्नाला जायचे नाही, हा नियम एका शाखेने, एका भजनी मंडळाने, एका भिशीने केला तरी पुष्कळ होईल. लिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरची माहिती असूनही ‘आपलाच माणूस’ म्हणून गप्प बसणारा, त्या पापात भागीदार आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. गावातील एखाद्या अविवाहित मुलीवर असा प्रसंग आला तर तिची चर्चा पारावर करू नये. आपल्या घराचे दार तिच्यासाठी उघडावे. आजचा कायदा तिला मूल दत्तक संस्थेकडे सोपवण्याचा मार्ग देतो आणि निर्णय बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदतही देतो. हे तिला प्रेमाने सांगणारी एक वडील बाई प्रत्येक गावात असावी. मतिमंद वा अपंग मूल जन्मलेल्या घरी आठवड्यातून एक दुपार जाऊन त्या आईला विसावा द्यावा. जो हे करायला तयार नाही, त्याने कोणत्याही स्त्रीला ‘तू हे मूल जन्माला घालच’ असे सांगण्याचा अधिकार गमावलेला आहे.

पंढरपूरच्या त्या पाळण्याला दीडशे वर्षे होऊन गेली. धाराशिव जिल्ह्यात ८६७ हा आकडा हजाराच्या जवळ जायचा असेल तर तसेच पाळणे प्रत्येक तालुक्यात, प्रत्येक वाडीत हवे आहेत. लाकडाचे नसले तरी चालतील, माणसांचे हवेत. नवरात्रात घट बसवणाऱ्या प्रत्येक घराने, घटाशेजारी दिवा लावताना, आपल्या घरात यंदा कोणत्या बाईच्या आणि तिच्या अत्याचारी दैवाच्या मध्ये आपण उभे राहणार आहोत, एवढे ठरवावे. उदोकाराचा अर्थ तोच आहे.